आलेख आणि आज्ञा

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस चामराजपेट ही वसाहत आहे. १८९२ साली ती आखली गेली तेव्हा ती शहराच्या कडेला होती; आज ती दाट वस्तीने वेढलेली आहे. शहर किती वाढले हे जनगणना सांगते. बंगळूरच्या नागरी समूहाची लोकसंख्या १९६१ साली सुमारे १२.१ लाख होती. १९७१, १९८१, १९९१, २००१ आणि २०११ या वर्षी ती अनुक्रमे १६.६, २९.२, ४१.३, ५७.० आणि ८५.२ लाख झाली. मग शहर सर्वांत वेगाने केव्हा वाढले? या प्रश्नाचे उत्तर आलेख कसा काढला यावर अवलंबून असते, हे आपण पाहणार आहोत.

आलेख काढण्यासाठी आपण ग्नूप्लॉट ही प्रणाली घेऊ. टॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनी ती १९८६ साली प्रथम तयार केली. नावात साम्य असले, तरी ग्नू प्रकल्पाशी तिचा संबंध नाही. ती विनामूल्य मिळते. उबुंटूसारख्या संगणक-प्रणालीवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नूप्लॉट’ ही आज्ञा दिली की ती बसते; ‘ग्नूप्लॉट --व्हर्जन’ असे विचारले की आवृत्ती कळते. (येथे आज्ञांचे उच्चार दिले आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्या.)

प्रथम आकड्यांची एक साधी फाइल करावी : प्रत्येक ओळीत आधी वर्ष, मग लोकसंख्या. ‘#’ या चिन्हाने सुरू होणारी ओळ ग्नूप्लॉट वाचत नाही. म्हणून आकडे कोठून घेतले आणि नागरी समूहाच्या सीमा मधल्या काळात बदलल्या आहेत, ही नोंद तेथेच करावी. दुसऱ्या फाइलीत पुढील आज्ञा लिहाव्या :

सेट टर्मिनल पीएनजी
सेट आउटपुट 'शहर.पीएनजी'
सेट वायरेंज [0:100]
प्लॉट 'जन.डॅट' युझिंग 1:2 विथ लाइन्सपॉइंट्स

पहिली आज्ञा चित्राचा प्रकार ठरवते, दुसरी त्याचे नाव, तिसरी उभ्या अक्षाची मर्यादा. चौथीतील १ व २ हे स्तंभांचे क्रमांक होत. मग ‘ग्नूप्लॉट’ या शब्दापुढे या फाइलीचे नाव लिहिले की चित्र तयार होते. हेच काम एकेक आज्ञा देऊन केले, तर शेवटी नुसते ‘सेट आउटपुट’ म्हणावे. एरवी चित्राची फाइल अपुरी राहू शकते.

या आलेखात २००१ ते २०११ हा टप्पा सर्वांत चढता दिसतो, कारण त्या दशकात २८ लाखांची भर पडली. आता तिसऱ्या ओळीत मर्यादा १० ते १०० करावी व तिच्याखाली ‘सेट लॉगस्केल वाय’ ही ओळ घालावी. लघुगणकीय अक्षावर समान पटीला समान उंची मिळते. त्यावर शून्याला जागा नसते. आता १९७१ ते १९८१ हा टप्पा सर्वांत तीव्र दिसतो, कारण त्या दशकातील वाढ सुमारे ७६ टक्के होती, तर २००१ ते २०११ मधील ४९ टक्के. दोन्ही आलेख खरेच आहेत. पहिला किती माणसे वाढली ते सांगतो, दुसरा किती पट वाढली ते. पाणी किती लागेल हे ठरवणाऱ्याला पहिला हवा, वाढीचा दर अभ्यासणाऱ्याला दुसरा. नुसते चित्र पाहणाऱ्याला ही निवड कोणी, का केली हे कळत नाही. आज्ञांची फाइल जवळ असेल तर ती निवड कोणासही तपासता येते.

आणखी एक सावधगिरी. २०२१ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्या वर्षापुढे शून्य लिहिले, तर रेषा तळाशी कोसळेल आणि शहर ओस पडल्यासारखे दिसेल. म्हणून तेथे ‘?’ लिहून ‘सेट डेटाफाइल मिसिंग "?"’ ही आज्ञा प्लॉटच्या आधी द्यावी. माहिती नसणे आणि संख्या शून्य असणे यांतला भेद संगणक आपणहून ओळखत नाही. तो आपणच लिहून ठेवला पाहिजे.

अभ्यास : आपल्या गावाच्या जनगणनेचे आकडे घेऊन दोन्ही आलेख काढा. कोणते दशक कोणत्या आलेखात पुढे येते व का, हे दोन वाक्यांत लिहा.