घरगुती धंदा आणि जागेची परवानगी

शेतीस जोडधंद्याची साथ असावी, हे आता सर्वमान्य झाले आहे. पिठाची गिरणी, मसाला-कांडप, पापड-लोणची, शिवणकाम असे अनेक धंदे राहत्या घरी सुरू करता येतात. परंतु पुष्कळ कुटुंबे आधी कर्ज काढतात, मग यंत्र आणतात आणि परवानगीचा विचार सर्वांत शेवटी करतात. शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे यंत्र बंद ठेवावे लागले, तरी कर्जाचे हप्ते बंद होत नाहीत. म्हणून यंत्राच्या आधी जागेचा विचार करणे हितावह होय.

निर्बंध कशासाठी?

निवासी वस्तीतील धंद्यांवर मर्यादा घातली जाते, ती धंदा बुडावा म्हणून नव्हे. यंत्राचा आवाज व हादरे, मिरचीची धूळ, सांडपाणी आणि गिऱ्हाइकांची वर्दळ यांचा त्रास शेजारच्या घरांस होतो. जुन्या गावठाणात दोन घरांची भिंत पुष्कळदा सामाईक असते. तेथे हा प्रश्न अधिकच नाजूक बनतो.

घरगुती व्यवसाय कशास म्हणावे?

बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता महाराष्ट्रात २०२० साली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तीत घरगुती व्यवसायाची व्याख्या दिलेली आहे. तिचा सारांश असा :

(१) काम त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनीच करावे. मजूर लावू नयेत.
(२) घराच्या बाहेरून धंद्याचे प्रदर्शन होऊ नये.
(३) तेथे तयार झालेल्याच मालाची विक्री व्हावी. खाणावळ अथवा उपाहारगृह यात मोडत नाही.
(४) माल धोकादायक नसावा व शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेस बाध येऊ नये.
(५) विजेचे यंत्र वापरल्यास एकूण भार ०.७५ किलोवॅटहून अधिक नसावा.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. अर्थात् वरील मर्यादा सुमारे एका अश्वशक्तीची आहे. शिवणयंत्र किंवा लहान घरगुती चक्की तीत बसू शकते. पाच अश्वशक्तीची गिरणी बसत नाही. तथापि अशी गिरणी निषिद्ध आहे असे मात्र नाही. ती तळमजल्यावर असावी, इमारतीची रचना भार सोसण्याजोगी असावी, शेजाऱ्यांस उपद्रव होऊ नये आणि वीजभार ७.५ किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे दहा अश्वशक्तीच्या आत असावा, या अटींवर निवासी विभागात तिला वाव ठेवलेला आहे. मात्र ती ‘घरगुती व्यवसाय’ या सदराखाली चालविता येणार नाही.

कामाचा क्रम

प्रथम घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर, हे पाहावे. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, तर शेतजमिनीची सातबारा उताऱ्यावर मिळते. शेतजमिनीच्या अकृषिक वापराविषयीच्या तरतुदींत अलीकडे वेळोवेळी बदल झाले आहेत. यासाठी चालू नियमाची चौकशी तहसील कार्यालयात लेखी करावी.

दुसरे, ग्रामपंचायतीकडे धंद्याचा प्रकार, यंत्राची अश्वशक्ती व कामाच्या वेळा नमूद करून अर्ज द्यावा व पोच घ्यावी. गावठाणात नवी शेड किंवा खोली बांधावयाची असल्यास ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाची परवानगी आधी घ्यावी.

तिसरे, विजेचा विचार करावा. घरगुती जोडणी अन्य कामासाठी वापरणे हा वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो व दुप्पट दराने आकारणी होते. हा काळ निश्चित करता आला नाही, तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची आकारणी करता येते. घरातूनच अल्प प्रमाणात धंदा करणाऱ्यांस निवासी दराची सवलत लागू आहे काय, हे चालू दरपत्रकात पाहून घ्यावे.

चौथे, खाद्यपदार्थ करून विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी धंदा लहान असला तरी आवश्यक आहे.

एक गैरसमज

उद्यम नोंदणी झाली म्हणजे सर्व परवानग्या मिळाल्या, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही विनामूल्य नोंदणी उद्योगाची ओळख पटविते. जागेच्या वापरास ती संमती देत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कर्जाच्या अर्जास साहाय्य करतानाच जागा, अश्वशक्ती आणि वीजजोडणी या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. शेतकरी कुटुंबानेही शेजाऱ्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून कामाच्या वेळा ठरवाव्यात. कागद पुरा व शेजार राजी असेल, तर घरातील लहानसा धंदाही स्थिर पायावर उभा राहतो.