विसर्ग की कोलन?

सी भाषेतील प्रोग्राममध्ये चूक असली की जीसीसी हा कंपायलर ती ठरावीक क्रमाने कळवतो. आधी फाइलचे नाव, मग ओळ, मग स्तंभ, शेवटी दोषाचे वर्णन. मधे प्रत्येक ठिकाणी कोलन. विम या एडिटरला हा क्रम 'एररफॉरमॅट' या सेटिंगमधून कळतो. तेथे टक्क्याच्या चिन्हापुढे एफ म्हणजे फाइल, एल म्हणजे ओळ, सी म्हणजे स्तंभ आणि एम म्हणजे मजकूर. साचा जुळला की 'मेक' ही आज्ञा दिल्यावर कर्सर थेट चुकीच्या ओळीवर जातो.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या एका विद्यार्थ्याचा साचा काही केल्या जुळेना. पडद्यावर सारे बरोबर दिसत होते. शेवटी कळले, की त्याने मराठी कळफलकावरून कोलनच्या जागी विसर्ग टंकला होता. डोळ्यांना दोन्ही सारखीच टिंबे. युनिकोडमध्ये मात्र कोलनचा क्रमांक ५८ आणि विसर्गाचा २३०७.

त्याला हसण्यापूर्वी आपण आपले लेखन तपासावे. 'दुःख', 'अंतःकरण', 'प्रातःकाल' या शब्दांत आपल्यापैकी अनेकजण सर्रास कोलन टंकतात. छापील पानावर ते खपून जाते. पण संगणकावर विसर्ग देऊन शोधले तर तो शब्द सापडत नाही. प्रबंधाची शब्दसूची किंवा कोश करताना असे शब्द गळतात आणि ते कळतही नाही.

स्वाध्याय : आपल्या एका जुन्या लेखात कोलन शोधा. शब्दाच्या पोटात आढळलेल्या प्रत्येक कोलनच्या जागी विसर्ग घाला. किती निघाले, ते मोजा.