आपल्या शिवारातील रानभाज्या : ओळख आणि उपयोग

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याला एका योजनाच्या परिसरातून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे मानले. वारंगा फाट्याच्या शिवारातही मृगाचा पाऊस पडला की अशीच एक पाठशाळा भरते.

तरोटा : बांधावर व पडीक जमिनीत आपोआप उगवतो. पानाला सहसा तीन जोड्या पर्णिका असतात. त्यांची टोके बोथट असून सायंकाळी त्या मिटतात. फुलोरा येण्यापूर्वीची कोवळी पाने उकडून, पाणी पिळून, तुरीची डाळ व लसणाच्या फोडणीसह शिजवतात.

घोळ : जाड, रसाळ पानांची ही भाजी जमिनीलगत पसरते. तिच्यासारखीच पसरणारी दुधी मोडली असता पांढरा चीक निघतो. घोळीतून निघत नाही. हीच खूण लक्षात ठेवावी.

अंबाडी : ही शेताच्या कडेने पेरतात. आंबट पाने ज्वारीच्या कण्यांसह शिजवून वर लसूण-मिरचीची फोडणी घालतात. लाल अंबाडीच्या बोंडांवरील मांसल निदलांची चटणी व सरबत होते.

कटुर्ले : कुंपणावरील या वेलीत नर व मादी वेल वेगळे असतात. जमिनीतील कंदातून वेल दरवर्षी नव्याने फुटतो. म्हणून फळे तोडावीत, कंद उपटू नये.

येथे सावधगिरीचा मुद्दा येतो. तरोट्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो. त्याच्या पर्णिका टोकदार असून सहसा चार-पाच जोड्या असतात. पाने चोळल्यास उग्र दुर्गंधी येते. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचे प्राण घेणाऱ्या एका आजाराचे मूळ कासविंद्याच्या बिया खाण्यात असल्याचे डॉक्टरांनी 2007 साली दाखवून दिले. निवासी शाळेतील मुले मोकळ्या वेळी रानात हिंडतात. त्यांना हा भेद शिकवणे अत्यावश्यक आहे. तसेच तणनाशक फवारलेल्या शेतातील कोणतीही भाजी खुडू नये.

1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य चुली अशा पाल्यावर पेटत्या राहिल्या. पुढे हीच भाजी ‘गरिबाची’ म्हणून हिणवली गेली आणि तिची ओळख सांगताना आपल्यालाच संकोच वाटू लागला. त्या संकोचापायी आई-आजीचे ज्ञान मुलांपर्यंत पोहोचेनासे झाले. आता सोयाबीनच्या शेतातील तणनाशकांमुळे या वनस्पतीही विरळ होत आहेत.

म्हणून माजी विद्यार्थी व पालकांना नम्र विनंती आहे. येत्या श्रावणात घरातील वडीलधाऱ्या माउलीसोबत मुलांना एकदा बांधावर न्यावे. प्रत्येक भाजीचे स्थानिक नाव, खूण व शिजवण्याची रीत त्यांच्या वहीत उतरवून घ्यावी. ती वही त्यांना पुढील आयुष्यातही उपयोगी पडेल.