आपल्या रानातली मोठी माणसं



मागच्या आठवड्यात गुरुजींनी वर्गात विचारलं, "मोठी माणसं कोण कोण, सांगा पाहू." आम्ही भराभर नावं सांगितली. फळा भरला. मग गुरुजी म्हणाले, "आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातलं एक तरी नाव सांगा." सगळे गप्प! म्हणून आम्ही माहिती गोळा केली. ती अशी.

१. मोहफुलं खाऊन वाढलेला शास्त्रज्ञ

गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचं लहान गाव आहे. डॉ. भास्कर हलामी तिथले. त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात घरात दाणा नसायचा. मग मोहाची फुलं शिजवून खायची. ती पचायला जड. रानात आपोआप उगवणाऱ्या तांदळाचं पीठ पाण्यात शिजवून त्याची आंबील प्यायची आणि पोट भरायचं.

पुढं वडिलांना शंभराहून जास्त किलोमीटर दूर कसनसूरला शाळेत स्वयंपाक्याचं काम मिळालं. भास्कर तिथल्याच आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकले. मग शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाले आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात दहावीपर्यंत शिकले. गडचिरोलीला बी.एस्सी. झाले, नागपूरला एम.एस्सी. २००३ साली ते नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकवू लागले. तरी शिकणं थांबवलं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली.

त्यांचा विषय आरएनए. म्हणजे काय? आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. पेशीत काय तयार करायचं, याचा निरोप नेणारा एक पदार्थ असतो, तो आरएनए. जसा गावात कोतवाल दवंडी देतो, तसा. हा निरोप रोखून किंवा नवा निरोप पाठवून रोगावर औषध करता येतं. २०२२ साली वर्तमानपत्रांत त्यांची हकिकत छापून आली, तेव्हा ते अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात असल्याच औषधांच्या कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होते.

२. एव्हरेस्टवर चढलेली पाच मुलं

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बर्फ आपण फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहतो. पण २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं जगातल्या सर्वांत उंच शिखरावर उभी राहिली! मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम ही ती पाच नावं. पाठ करून ठेवा.

आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाच्या या मोहिमेचं नाव होतं 'मिशन शौर्य'. देवाडा, जिवती, बोर्डा इथल्या आश्रमशाळांतून मुलं निवडली होती. जिवती तर आपल्याला लागूनच आहे. दार्जिलिंग आणि लडाखच्या थंडीत मुलांनी सराव केला. एव्हरेस्टची उंची ८८४८ मीटरांहून थोडी जास्त आहे. तिथं हवा इतकी विरळ की श्वासातून मिळणारा प्राणवायू इथल्यापेक्षा एक तृतीयांशच. चमूतले सगळेच वर पोचले नाहीत. पण तिथवर जाणंही काही लहान गोष्ट नाही.

३. श्वास मोजणाऱ्या बाया

ही माणसं कुठं लांब गेली नाहीत. आपल्या गावातच राहिली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तेव्हा खेड्यात किती तरी तान्ही बाळं महिन्याच्या आत दगावत. दवाखाना दूर, रस्ता नाही. मग बंग डॉक्टरांनी ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं.

या बाया घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप पाहत, घड्याळ लावून श्वास मोजत. एका मिनिटात ६० किंवा त्याहून जास्त श्वास झाले की धोका ओळखायचा. वेळ पडल्यास इंजेक्शनही देत. तीन वर्षांत तान्ह्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. आता देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ तपासतात, त्याची वाट या बायांनी दाखवली.

आम्हाला काय वाटलं

कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्या वर्गात जागा रिकाम्या दिसतात. घरचे म्हणतात, "शाळेत जाऊन काय करतं? कापूस वेचशील तं मीठमिरची येईल." घरची अडचण आम्हाला समजते. मीठमिरची लागतेच. पण आरोग्यदूत बायांचंच बघा. त्या काही कॉलेजात गेल्या नव्हत्या. त्यांना साठपर्यंत मोजता येत होतं, वहीत लिहिता येत होतं. तेवढ्यानं बाळं वाचली. हलामी सरांनी शिष्यवृत्तीची परीक्षा दिलीच नसती तर? परीक्षेच्या दिवशी ते रानात मोहफुलं वेचायला गेले असते, तर?

म्हणून पालकहो, एवढीच विनंती. सुट्टीच्या दिवशी आम्ही कापूस वेचायला येऊ, सकाळी लवकर उठून येऊ. पण शाळेच्या वेळेला आम्हाला शाळेत पाठवा. मोठं होऊन कोणी अमेरिकेत जाईल, कोणी इथंच राहील. दोन्ही चांगलंच.

स्वाध्याय
१. एव्हरेस्टवर पोचलेल्या पाच मुलांची नावे लिहा.
२. आरएनएला दवंडी देणाऱ्या कोतवालाची उपमा का दिली आहे?
३. घड्याळ लावून आपले एका मिनिटाचे श्वास मोजा व वहीत लिहा. जमल्यास घरच्या तान्ह्या बाळाचेही मोजा. कोणाचे जास्त भरले?
४. आपल्या गावात सर्वांत आधी दहावी पास कोण झाले? त्यांना भेटून पाच वाक्ये लिहून आणा. पुढच्या अंकात लावू.