टोकनवरील स्वाक्षरी जुळत नाही तेव्हा...

पितळी टोकन पाहून रोखपाल रक्कम देत असे. त्याचप्रमाणे ग्राहकाने पासवर्ड दिल्यावर अनेक संकेतस्थळांचा सर्व्हर त्यास संगणकीय टोकन देतो. २०१५ साली प्रमाणित झालेल्या 'जेसन वेब टोकन'चे सामान्यतः तीन भाग असतात : शीर्ष, मजकूर व स्वाक्षरी.

स्वाक्षरी न जुळल्यास तपासणी क्रमाने करावी.

१) टोकन अपुरे वा बदललेले नाही ना, हे पाहावे. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी अवैध ठरते.

२) दोन्ही सर्व्हरची पद्धत एकच आहे का? 'एचएस २५६' मध्ये दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. 'आरएस २५६' मध्ये स्वाक्षरी खासगी किल्लीने, तर पडताळणी सार्वजनिक किल्लीने होते.

३) किल्ली नुकतीच बदलली असल्यास नवी सार्वजनिक किल्ली टोकन देणाऱ्या सर्व्हरकडूनच घ्यावी.

मुदत संपणे हा वेगळा दोष होय. तेथे ग्राहकाने पुन्हा लॉग-इन करणे पुरेसे असते.

तक्रारी थांबविण्यासाठी पडताळणीच बंद करणे मात्र घातक आहे. मग कोणीही टोकनमधील ग्राहक क्रमांक बदलून दुसऱ्याच्या खात्यात शिरू शकेल. सही न जुळणारा धनादेश परत केला जातो; असे टोकनही नाकारलेच पाहिजे.