दुष्काळात मरते कोण? : लोकसंख्येचा प्रश्न आणि बाबासाहेबांचा १९३८ चा ठराव

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘लोकसंख्यावाढ माणसाने रोखावी की निसर्गावर सोपवावी?’ असा विषय होता. नववीतील एका विद्यार्थ्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की दुष्काळ, पूर आणि साथी हा निसर्गाचा तराजू आहे. भार वाढला की निसर्ग तो आपोआप उतरवितो; माणसाने त्यात हात घालू नये. टाळ्या पडल्या. तेव्हा वसतिगृहातील एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिने एवढेच विचारले, “सर, दुष्काळात मरतं कोण?” परीक्षक असूनही मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने इतिहासाचा एक शिक्षक म्हणून ते उत्तर येथे देत आहे.

तराजू कोणाच्या हातात?

१७९८ मध्ये इंग्लंडमधील माल्थस याने मांडले, की लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि दुष्काळ व रोगराई तिला आवर घालतात. हा विचार पुढे राज्यकर्त्यांना सोयीचा ठरला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत होते, तरी धान्याची निर्यात थांबली नाही. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. अवर्षण निसर्गाने आणले. ही मजुरी मात्र माणसाने ठरविली होती. त्याच काळात महात्मा फुले व सावित्रीबाई यांच्या सत्यशोधक समाजाने दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविले. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंचे निधन झाले. निसर्गावर सोपविणे त्यांना मान्य असते, तर त्या घरात बसून राहिल्या असत्या.

१९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचा अभ्यास अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. धान्य अगदीच संपले होते असे नाही. भाव भडकले आणि शेतमजूर, मच्छीमार यांची मजुरी त्या भावाला पुरली नाही, हे त्यांनी दाखविले. याउलट १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पिके बुडाली, तरी दुष्काळी कामांवर लाखो हातांना मजुरी मिळाली आणि १८७६ सारखा संहार टळला. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, साठा नाही आणि ज्याचा शब्द दरबारी पोहोचत नाही, तो मरतो. निसर्गाचा तराजू म्हणून जो दाखविला जातो, त्याची दांडी समाजाच्या हातात असते. जातीलाही एकेकाळी निसर्गाचाच नियम म्हटले जात होते, हे आपण विसरता कामा नये.

मृत्यूने लोकसंख्या आटोक्यात येते काय?

१९११ ते १९२१ या दशकात, प्रामुख्याने १९१८ च्या इन्फ्लुएंझामुळे, भारताची लोकसंख्या किंचित घटली. १९२१ ला ती सुमारे २५ कोटी होती. १९३१ च्या जनगणनेत ती सुमारे २८ कोटींवर गेली. एवढ्या भीषण मृत्यूनेही कायमचा आवर बसला नाही. कारण सोपे आहे. जेथे लेकरे जगण्याची खात्री नसते, तेथे आईबाप अधिक लेकरांची आस धरतात. मूल जगेल याची खात्री झाली, की कुटुंब आपोआप लहान होऊ लागते.

सक्तीचा धडा

मग माणसाने हस्तक्षेप करावा, पण कसा? आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. या मोहिमेचा वरवंटा सर्वाधिक फिरला तो गरीब वस्त्यांवर. परिणाम काय झाला? पुढच्याच वर्षी शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्या खाली आली. भीतीने मिळविलेले यश भीतीबरोबर संपले आणि चांगल्या कार्यक्रमाविषयी लोकांच्या मनात संशय उरला.

बाबासाहेबांची भूमिका

निसर्गाच्या नावाने उदासीनता आणि राष्ट्राच्या नावाने सक्ती, ही दोन टोके झाली. बाबासाहेबांनी दोन्ही टाळली. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधातच त्यांनी जमिनीवर पोसल्या जाणाऱ्या अतिरिक्त मनुष्यबळाकडे लक्ष वेधले आणि उद्योगधंद्यांची वाढ हा उपाय सांगितला. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणारे र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकामुळे खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. बाबासाहेब उपस्थित राहू न शकल्याने त्यांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखविले. सरकारने प्रचार करावा आणि साधने उपलब्ध करून द्यावीत, अशी ती मागणी होती. मूल हवे की नको हा निर्णय स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावा, हे त्या भाषणाचे मर्म होते. सभागृहाने ठराव फेटाळला. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

तथागतांच्या चक्कवत्ति सीहनाद सुत्तातही हीच कारणमीमांसा आढळते. राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते आणि त्यातून चोरी, हिंसा, आयुष्याचा ऱ्हास ही साखळी सुरू होते. दुःखाचे कारण शोधावे आणि ते दूर करावे, दुःखी माणसालाच दोषी ठरवू नये, असा हा मार्ग आहे.

आज आपले काम

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात एका स्त्रीमागे सरासरी २.० मुले आहेत, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणारे प्रमाण २.१ मानले जाते. शाळेत न गेलेल्या स्त्रियांत ही सरासरी २.८ आहे, तर बारावी वा त्यापुढे शिकलेल्यांत १.८. सक्ती न करता हे घडले. तेव्हा ‘त्या वस्तीतल्या लोकांना पोरेच फार’ असे कोणी म्हटले, तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवावेत.

परंतु आपल्यालाही काही ऐकून घ्यावे लागेल. नसबंदीचा भार जवळजवळ सर्वस्वी स्त्रियाच उचलतात. पुरुषांचे प्रमाण शेकडा अर्धाही नाही. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील दर पाचांमागे एकीहून अधिक मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आहे. त्यांत आपल्या समाजाच्या मुलीही आहेत. दहावीनंतर सुट्टीला गेलेली मुलगी वसतिगृहात परतली नाही, असे प्रत्येक वर्षी एखादे नाव आमच्या हजेरीपटावर असते.

पालकहो, माजी विद्यार्थ्यांनो, १९३८ चा तो ठराव सभागृहात पडला. घराघरांत तो मंजूर करणे आपल्या हाती आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची मुलगी बारावीपर्यंत वसतिगृहात राहील, एवढी हमी आपण मिळून घेऊ शकतो. तो प्रश्न विचारणारी मुलगी आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिच्या लग्नाची घाई करणाऱ्या वडिलांना समजावण्यासाठी आम्हांला दोनदा त्यांच्या कोपीवर जावे लागले होते.

नमो बुद्धाय, जय भीम.