ड्रमर गप्प का बसला?

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात. विषय सिलॅबसमधला नाही, पण सिग्नल कुठला आणि नॉइज कुठला, हा प्रश्न आपल्याच शाखेचा आहे.

'किंग क्रिम्सन' हा इंग्लंडचा रॉक बँड. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. रॉबर्ट फ्रिप गिटारवर, जॉन वेटन बास आणि गायनाला, डेव्हिड क्रॉस व्हायोलिनवर, बिल ब्रुफर्ड ड्रम्सवर. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग १९९७ मध्ये 'द नाइट वॉच' या नावाने दोन सीडींवर आलं. त्यात बसवलेली गाणी आहेत, आणि काहीही न ठरवता स्टेजवर तिथल्या तिथे उभी राहिलेली वादनंही आहेत. वाद होतो तो या दुसऱ्या प्रकारावर. ऐकणाऱ्यांची मतं साधारण तीन गटांत मोडतात.

१) 'हा नुसता गोंगाट आहे.' हे मत अगदीच चुकीचं नाही. न ठरवता वाजवायचं म्हटलं की चाचपडणं आलंच. स्टुडिओत ते कापून टाकतात, इथे ते राहतं. गुणगुणायला चाल शोधाल तर निराश व्हाल.

२) 'लाइव्ह म्हणजेच खरं.' गंमत अशी की याच बँडच्या १९७४ च्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बमचा अर्ध्याहून जास्त भाग कार्यक्रमांतूनच घेतलेला आहे, फक्त टाळ्या कापल्यात. त्यातल्या 'ट्रायो' आणि 'फ्रॅक्चर' या रचना याच अ‍ॅमस्टरडॅमच्या रात्रीच्या. ऐकून अनेकांना तो स्टुडिओतलाच वाटतो. म्हणजे लाइव्ह आहे की नाही, हे पुष्कळदा कान नाही, कव्हर सांगतं.

३) 'एकदा ठीक, पुन्हा कशाला?' माझा अनुभव उलटा आहे. दुसऱ्यांदा पुढे काय येणार हे माहीत असतं, म्हणून कोण कोणासाठी थांबलं ते ऐकू येतं.

मी दुसऱ्या गटातली, आणि त्याचा मला जरा गर्वच होता. माझी रूममेट सांगलीची, मराठी मीडियमची. एकदा सबमिशनच्या रात्री तिने हेडफोन मागितला, तर मी म्हणाले, "राहू दे गं, तुला नाही कळणार हे." ती काही बोलली नाही. तरीही मी 'ट्रायो' लावून हेडफोन तिच्याकडे सरकवला. दोनेक मिनिटांनी तिने विचारलं, "यांचा तबलजी गप्प का बसलाय?"

मी ते पन्नास वेळा ऐकलं होतं. ड्रम्स नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! ती तबल्याच्या मध्यमेपर्यंत शिकलेली, हे मी दोन वर्षांत कधी विचारलंही नव्हतं.

उत्तर असं आहे. 'ट्रायो'मध्ये क्रॉसचा गज, वेटनचा बास आणि फ्रिपचं मेलोट्रॉन एवढंच आहे. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो; पट्टी दाबली की सुमारे आठ सेकंद वाजतो आणि संपतो. म्हणून स्वर कितीही लांबवता येत नाही, पुन्हा दाबावं लागतं. हे तिघं इतकं हळुवार वाजवत होते की ब्रुफर्ड काठ्या छातीशी धरून शेवटपर्यंत बसून राहिला. बाकीच्यांनी त्या न वाजवण्यालाही वाजवणं मानलं आणि रचनाकारांत त्याचं नाव घातलं.

"आलापात तबला थांबतो तसंच ना?" तिने विचारलं. तसंच, पण एक फरक आहे. आलापात तबला वाजणार नाही हे आधीच ठरलेलं असतं. इथे कोणीच ठरवलं नव्हतं. ब्रुफर्डने त्या क्षणी ऐकून ठरवलं.

मी मात्र ऐकण्याआधीच ठरवून बसले होते. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तिला सॉरी म्हणाले. ती हसून म्हणाली, "दुसरी सीडी कधी देतेस?"

करून बघा: 'ट्रायो' एकदा सलग ऐका. मग पुन्हा ऐका, आणि प्रत्येक वादक कुठे थांबतो तेवढंच कागदावर मांडा. तुमचं मत त्यानंतर बनवा. आणि शेजारच्या खोलीतल्या कोणाला तरी ऐकवा. फक्त 'तुला नाही कळणार' म्हणू नका.